वीतभर जास्तीची तार

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तार विणणं. दुपारची वेळ होती. गिरजा ओसरीवर पाय पसरून बसली होती. तांब्याच्या तारांचा जुडगा तिने पायाच्या अंगठ्याला बांधला होता आणि ती त्याची वेणी घालत होती. मी समोर बसून एकेक तार चिंचेने घासून तिच्या हातात देत होतो. शेजारच्या शंकरची जुनी जीप आहे, तिच्या ब्याटरीपासून चेसिसपर्यंत जाणारी ही तार. अर्धी झाली आणि ती थांबली.

"बोटं आखडून राह्यली आता. उद्या करू."

मी म्हणालो, "शंकरले जीप उद्या पायजे."

"पायजे त पायजे. त्याच्या जीपीपायी मी का बोटं तोडून घेऊ?"

जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी फाडून तिने विणलेल्या टोकाला गाठ मारली, वेणी सुटू नये म्हणून. जुडगा खुंटीला टांगला. मग आम्ही चहा प्यालो. तिने कोंबड्या झाकल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पहाटे मी हाक मारली तेव्हा ती उठली नाही.

दिवाळी अंकवाले आले होते. म्हणाले, मिस्त्री, तुमच्या धंद्यातले जुने दिवस लिहा. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. जन्मभर गाड्यांखाली निजलो, कागदाशी माझं काही नातं नाही. पण नाही कसं म्हणणार? घरात आता बोलायला कोणी नाही. तेव्हा लिहितो. धंद्याचं लिहायला बसलो तरी तिचंच येतं, त्याला माझा इलाज नाही. ज्याला नको त्याने पान उलटावं.

आधी धंदा सांगतो, नाही तर पुढचं कळणार नाही.

मोटारीत ब्याटरी असते. तिच्यातून वीज निघते, तारेने स्टार्टरला जाते, दिव्यांना जाते. गेलेली वीज परत ब्याटरीत यावी लागते, तरच काम होतं. पण परतीसाठी मोटारीत वेगळी तार घातलेली नसते. गाडीचं लोखंड हीच परतीची वाट. इंजिन, चेसिस, बॉडी, सगळं लोखंड एकमेकाला भिडलेलं पाहिजे आणि शेवटी एका जाड तारेने ब्याटरीला मिळालेलं पाहिजे. त्याला आम्ही अर्थ म्हणतो, इंग्रजीत अर्थ म्हणजे जमीन. इंजिन तर रबरावर बसवलेलं असतं, रबरातून वीज जात नाही, म्हणून इंजिनापासून चेसिसला तांब्याची विणलेली पट्टी असते. ती पट्टी सडली, तिच्या बोल्टाखाली गंज चढला, रंग बसला, की परतीची वाट बंद. ब्याटरी नवी असली तरी गाडी मेल्यासारखी पडते. लोक ब्याटरी बदलतात, डायनमो खोलतात, नवस बोलतात, आणि पट्टीकडे कोणी पाहत नाही, कारण ती खाली चिखलात असते.

हे लोकांना समजावता समजावता माझी दाढी पिकली. चांद्याला एक मालगुजार, म्हणजे मोठे जमीनदार, होते. त्यांनी पेट्रोलच्या टाकीवाल्या गाडीमागे लोंबणारी साखळी पाहिली, आणि आपल्या मोटारीला बैलाची साखळी बांधून घेतली. वीज जमिनीत गेली पाहिजे म्हणे. गावातून मोटार निघाली की खणखण आवाज, मागे कुत्री. मी म्हणालो, "मालक, इले जमिनीचं काही काम नाई." ते म्हणाले, "मंग अर्थ काऊन म्हणता?" मी साखळी राहू दिली आणि आतून माझी तार लावून दिली. गाडी सुधारली. त्यांनी साखळीलाच नारळ फोडला.

माझी तार म्हणजे आम्ही घरी केलेली. ती कशी सुरू झाली ते सांगतो.

चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणायचे. लढाईतल्या लॉऱ्या डिस्पोजलमधून, म्हणजे लष्कराच्या लिलावातून, येत आणि जंगलात बांबू ओढत. मी एका कारखान्यात मिस्त्री होतो. नवं लग्न झालेलं. गिरजा ढिवराची, म्हणजे मासे धरणाऱ्याची मुलगी, मुलचेऱ्याच्या अंगाला नदीकाठी तिचं माहेर. ज्येष्ठ महिना होता, पाऊस तोंडावर आला होता. तिच्या गावाजवळच्या बांबूच्या क्याम्पातून निरोप आला की लॉरी सुरू होत नाही, मिस्त्री पाठवा. क्याम्पाच्या शेठने दोन वेळा ब्याटरी बदलली होती. कारखान्याच्या मालकाने मला पाठवलं. गिरजा म्हणाली, "मीबी येतो. बाबाले पाह्यलं नाई पोळ्यापासून." सर्व्हिस मोटारीने आम्ही निघालो. ती मोटार पावसाळ्याआधीची शेवटची फेरी करत होती, परत गेली की पुढे चार महिने बंद.

गावाच्या वाटेवर तिचा भाऊ सोमा उभा होता. त्याचं तोंड पाहूनच गिरजेने डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं.

"काय झालं रे?"

"बाबाच्या पायात शिंगाळ्याचा काटा गेला."

शिंगाळा हा मिशांचा मासा. त्याच्या पंखाला विषारी काटा असतो. जाळं झटकताना तो पायावर पडला होता. ढिवराला हे नवीन नाही, पाला बांधतात, बरं होतं. या वेळी झालं नाही. आम्ही घरात गेलो तेव्हा सासरा बाजेवर पडला होता. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, बोटं काळी पडलेली, आणि वास. तो वास मी अजून विसरलो नाही. दवाखान्याचा कंपाउंडर येऊन सांगून गेला होता की चांद्याला मोठ्या दवाखान्यात न्या, लवकर न्या, नाही तर माणूस जाईल.

नेणार कसं? बैलबंडीने न्यायचं तर माणूस वाटेतच संपायचा. सर्व्हिस मोटार आम्हाला उतरवून परत गेली होती. मधे मोठी नदी. तिच्यावर पूल नव्हता, उन्हाळ्यात वाळूवर बांबू आणि माती टाकून रपटा करत, पाऊस लागला की तो वाहून जाई. आणि वरच्या अंगाला आभाळ काळं झालेलं. राहिली एकच गाडी, क्याम्पातली लॉरी. ती सुरू होत नव्हती.

सासरा मला म्हणाला, "जावई, तुमी मोटारीसाठी आले ना? जा, मोटार पाहा. माह्याजवळ बसून का कराल?"

मी आणि सोमा क्याम्पात गेलो. ड्रायव्हर भिवाजी लॉरीला लिंबू-मिरची बांधत होता. बंपरला शेंदूर फासलेला. हँडल मारून पाहिलंत का, विचारलं, तर त्याने मनगट दाखवलं. हँडल उलटं बसून मोडलेलं, वाकडंच जुळलेलं. तेव्हापासून हँडलला कोणी हात लावत नव्हतं.

"मिस्त्री, ह्या गाडीत काई तरी आहे. स्टार्टर दाबला का रेसची तार चटका देते. इस्तू नाई, काई नाई, अन् हात भाजते."

हे ऐकलं आणि मला धीर आला. भिवाजीला भूत वाटत होतं, पण मला दुखणं कळलं. इंजिनाची परतीची वाट बंद झाली की वीज मिळेल त्या वाटेने परत येते. रेसची बारीक तार, पायाने दाबून इंजिनाचा वेग वाढवतात ती, इंजिनापासून बॉडीपर्यंत असते, स्टार्टरची सगळी वीज तिच्यातून जाऊ पाहते, मग ती तापणारच. मी लॉरीखाली शिरलो. आणि खाली पाहतो तर सगळं काळं कुळकुळीत. चेसिस, ब्रॅकेट, बोल्ट, सगळ्यावर डांबर.

"हे कोणं केलं?"

मग सोमा म्हणाला, "मी केलं, भाऊजी. शेठ म्हणे पावसाळ्यात गाडी सडते, तू नावेले मारतो तसं मार. मी मारलं."

"त्या पट्टीखाली काय घातलं?"

"सांधा होता थो. पाणी शिरते. मी बोल्ट खोलला, डांबरात बुडवून तागाचा बोळा भरला अन् पक्का आवळला."

ढिवराचं काम ते. नावेचा एक सांधा उघडा ठेवला तर माणूस बुडतो, म्हणून त्याने एकही सांधा सोडला नव्हता. काम इतकं चोख केलं होतं की बोळा काढायला मला छिनी लागली. बोळ्याबरोबर पट्टीही हातात आली, आतून हिरवी होऊन भुगा झालेली. दुसरी पट्टी नाही. क्याम्पात नाही, माझ्या पेटीत नाही, चांद्याशिवाय कुठे नाही.

सोमा तिथेच मातीत बसला. "म्हंजे माह्याच हातानं बाबा मरते?"

मला त्याला काही चांगलं बोलता आलं नाही. माझी जीभ तेव्हाही अशीच होती. म्हणालो, "रडू नको. तांबं पाह्य कुठी भेटते ते."

क्याम्पाच्या छपरात एक जळलेला डायनमो पडला होता. त्याच्यावरची तार तांब्याची. ती उकलून आम्ही घरी आणली. पण बारीक तार, वर काळं रोगण. गिरजेने विचारलं काय करायचं ते. मी सांगितलं. तिने तारांचा गुंडा चुलीत टाकला, रोगण जाळलं, चिंच आणि मिठाने घासून तार लख्ख केली. मी तीन पेडांची वेणी घालायला घेतली. ती सैल होत होती, मधेच फुगत होती. बाजेवरून सासरा पाहत होता. तापाने डोळे लाल, तरी म्हणाला, "जावयाले दोर येत नाई."

गिरजेने माझ्या हातातून ती ओढून घेतली. "सरका तिकडं." पायाच्या अंगठ्याला टोक बांधलं आणि जाळ्याची दोरी वळतात तसे आठ पेड घेतले. तिचे हात चालले होते आणि तोंडही. सोमाला म्हणाली, "मोटारीले डांबर मारलं? मोटार का नदीत पोहणार होती, सोम्या? आता पल्ल्याड जाऊन मासे धरते का ते?" सोमा रडता रडता हसला. सासराही हसला, मग कण्हायला लागला. मी मधूनमधून बाहेर जाऊन आभाळ पाहत होतो. वरच्या अंगाला वीज चमकत होती, पण आमच्याकडे अजून कोरडं होतं.

तारेच्या टोकाला कान पाहिजे, बोल्टात अडकवायला. तेव्हा भोकाचा पैसा चालायचा, मधे मोठं भोक असलेला. सासऱ्याची एक सवय होती, नवं जाळं विणलं की त्याच्या शेपटाला एक भोकाचा पैसा बांधायचा. तोच म्हणाला, "जाळ्याचे पैसे काढा." गिरजा थांबली. जाळ्याचा पैसा तो कोणाला हात लावू देत नसे. तो पुन्हा म्हणाला, "काढ वो पोरी. पाय नाई राह्यला त जाळं घेऊन का करू?" तिने दातांनी दोरा तोडून दोन पैसे काढले. मी वेणीचं टोक पैशावर पसरलं आणि कथलाचा डाग दिला. दोन्हीकडे कान तयार झाले.

तार मोजली तर वीतभर जास्त. मी म्हणालो, "काप. अर्थाची तार जितकी आखूड तितकी बरी. लांब झाली का वीज वाटेतच थकते."

"लावून पाहा आधी. मंग कापा. कापलेली दोरी जोडता येत नाई."

"धंदा माहा आहे का तुहा?"

"धंदा तुमचा. बाप माहा."

मी कापली नाही. रागानेच कापली नाही, म्हटलं लावून दाखवतो आणि हिच्यासमोर कापतो. पहाटे आम्ही सासऱ्याला बाजेसकट उचलून क्याम्पात आणलं. मी खाली शिरलो, लोखंड खरवडून पांढरं केलं, इंजिनाकडचा बोल्ट आवळला. चेसिसकडचा आवळायला गेलो तर छिनीचे घाव खाल्लेला तो बोल्ट माझ्या हातात तुटला. अर्धा आतच राहिला. बाहेरून सासऱ्याचं कण्हणं ऐकू येत होतं. दुसरा बोल्ट पुढच्या ब्रॅकेटला होता. तिथे तार ओढली. पोचली. त्या वीतभराने पोचली.

मी खालून ओरडलो, "मार स्टार्टर!" भिवाजीने आधी रेसच्या तारेला फडकं गुंडाळलं, मग दाबला. इंजिन फिरलं आणि लागलं. रेसची तार थंड. भिवाजीने लिंबाला हात जोडले. मी म्हणालो, "त्या लिंबाले नको, हिले जोड." त्याने खरंच गिरजेला जोडले. ती म्हणाली, "चाला आता, नाटकं नोका करू."

मागे धानाच्या तणसावर बाज ठेवली. गिरजा बापाचा पाय मांडीवर धरून बसली, सोमा छत्री धरून. मी पुढे भिवाजीजवळ. वाटेत इंजिन बंद करायचं नाही असं ठरलं. प्रत्येक खड्ड्याला माझं लक्ष खाली, त्या बोल्टाकडे. मी जन्मात पुष्कळ गाड्या चालत्या केल्या, पण आपण लावलेल्या तारेवर आपलाच माणूस त्या दिवशी पहिल्यांदा बसला होता. मागून गिरजा थोड्या थोड्या वेळाने हाक मारायची, "बाबा?" तो "हं" म्हणायचा.

नदीवर आलो तर रपट्यावरून पाणी चाललं होतं. वर कुठे पडलेला पाऊस खाली उतरत होता. पल्याडचा एक माणूस हात हलवून नको नको करत होता. भिवाजीने माझ्याकडे पाहिलं. मी मागे पाहिलं. गिरजा म्हणाली, "पाणी वाढून राह्यलं. थांबाल त जाईनच रपटा. चालवा."

सोमा खाली उतरला. काठी घेऊन लॉरीच्या पुढे पाण्यात चालायला लागला, पायाने रपटा चाचपत. नदी त्याची होती, तो उजवं म्हणेल तिकडे भिवाजी चाक वळवायचा. मधोमध आलो आणि पंख्याने पाणी उडवलं. इंजिन दोनदा ठसकलं आणि बंद पडलं.

नुसता पाण्याचा आवाज राहिला. हँडलचं भोक पाण्याखाली. मागून "बाबा?" आणि उत्तर नाही. मी बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, आत पाणी. पुसायला माझ्याजवळ एकही कोरडी चिंधी नव्हती. गिरजेने मागून पदराचा तुकडा टर्रकन फाडून फेकला. मी झाकण पुसलं, बसवलं. मग खाली वाकून पाण्यात हात घातला. तार हाताला लागली. घट्ट होती. मी भिवाजीला म्हणालो, "एकदाच दाब. पुरा दाब."

त्याने दाबला. स्टार्टर फिरला, फिरत राहिला, आणि इंजिन लागलं.

आम्ही काठावर चढलो आणि गाडी थांबवली नाही. सोमाला चालत्या गाडीत ओढून घेतलं. बऱ्याच वेळाने मागून सासऱ्याचा आवाज आला, "पाणी सरलं का?" गिरजा तेव्हा रडली. त्याआधी रडली नव्हती.

चांद्याला सासऱ्याचा पाय घोट्यावरून कापावा लागला. माणूस वाचला. पुढे पुष्कळ जगला, पण नावेत उभा राहिला नाही. ओसरीवर बसून जाळी विणायचा आणि ती दुसरे टाकायचे. भेटायला गेलो की म्हणायचा, "माहे दोन पैसे तुमच्या मोटारीत आहेत, जावई." हसून म्हणायचा. मला हसू येत नसे. शेठ ब्याटऱ्या बदलत बसला तेव्हाच कोणी मला बोलावलं असतं, तर लॉरी आधीच चालती झाली असती आणि कदाचित पाय राहिला असता. हे माझ्या डोक्यातून गेलं नाही.

मग गिरजाच तारा विणायला लागली. आम्ही तीन तारांचा संच करायचो: ब्याटरी ते चेसिस, इंजिन ते चेसिस, चेसिस ते बॉडी. एटापल्लीकडून ड्रायव्हर येत आणि माझ्याशी न बोलता आत डोकावून विचारत, "बाई आहेत का?" भोकाचे पैसे संपले, मग बाजारचे कान आले. बाकी सगळं तेच, चूल, चिंच, अंगठा. आणि प्रत्येक तार वीतभर जास्त. मी रोज म्हणायचो आखूड कर. ती म्हणायची लावून पाहा. म्हातारपणापर्यंत आमचं हेच भांडण. एक तार तिने आखूड केली नाही.

आता शेवटचं सांगतो आणि थांबतो.

ती गेली, त्याच दिवशी तिला नेलं. तिसऱ्या दिवशी राख तिच्या माहेरच्या नदीला न्यायची होती, आणि न्यायला शंकरची जीप, तीच बंद पडलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुंटीवरून जुडगा काढला आणि पेटी घेऊन जीपकडे गेलो. सोमा आला होता, तोही आता म्हातारा झाला आहे. म्हणाला, "भाऊजी, सुतकात पाना हातात घेता? लोकं का म्हणतीन?"

"म्हणू दे."

शंकर म्हणाला, "राहू द्या ना काका, मी दुसरी गाडी पाहतो."

मी जीपचं बॉनेट उघडलं.

पुढची वेणी मला घालता येत नाही. आठ पेड मी कधी शिकलो नाही, तिने शिकवायला घेतलं तेव्हा काही तरी काम काढून उठायचो. सोमाला येते. त्याने हात पुढे केला. मी दिली नाही. चिंधीच्या पुढे मोकळ्या लोंबणाऱ्या तारा कापून टाकल्या. चिंधी पाण्याने ओली केली, डाग देताना जळू नये म्हणून. कान बसवले. लावून पाहिली. तार आखूड पडली, पुरी वीतभर.

मी ब्याटरीचा ट्रे खोलला. पत्र्याला नवी भोकं पाडली आणि ब्याटरी वीतभर अलीकडे आणून बसवली.